कुत्रा सोडणे हीही शिकारच!

आमच्या कोरपन्याकडे तुरीत रानडुक्कर शिरले की पोरे कुत्री घेऊन धावतात. आरडाओरडा करून पीक राखणे रास्तच. परंतु डुक्कर रानात पळाल्यावरही कुत्री त्याच्या मागे सोडणे ही शिकारच होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मोठ्या जनावरांच्या शिकारीला परवाना मिळे. कुत्र्यांची मदत मात्र पाणपक्षी, चकोर, तित्तिर व लावे यांपुरतीच चाले. 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. पकडण्यासाठी केलेला पाठलाग आजही शिकारीच्या व्याख्येत बसतो.

असे का? बंदूकवाला नेम धरण्यापूर्वी नर की मादी ते पाहू शकतो. सुटलेला कुत्रा डुक्कर सोडून चितळाच्या पाडसावरही जातो. शिवाय जिवाच्या आकांताने धावताना स्नायूंत उष्णता साचते (हा आमच्या विषयाचा भाग!) आणि स्नायूंना इजाही होते, दात न लागता निसटलेले चितळ नंतर दगावू शकते. 2018 साली गीरच्या सिंहांत आढळलेला डिस्टेंपरचा विषाणू तर कुत्र्यांच्याच रोगाचा!

तेव्हा मोत्याला लस टोचून घ्या, बांधावर त्याची दोरी हातची सोडू नका. पिकाच्या नुकसानीचा अर्ज वनखात्याकडे करता येतो. वडिलांना तो लिहून द्या.