गळाचा दोर निवडताना

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना मोबाइलपासून दूर कसे न्यावे, यावर आम्ही या सदरात लिहिले होते. एखाद्या तलावाच्या काठावर गळ टाकून बसा, मुलांना सब्र आपोआप शिकता येईल, असे त्यात एक वाक्य होते. ते वाचून काही पालकांनी विचारले, "गुरुजी, बसू म्हणता, पण दोर कोणता घ्यायचा? दुकानात दहा प्रकार दाखवतात. आणि ते रबरी बेडूक, प्लास्टिकचे मासे खरेच कामाचे असतात का?" उत्तर द्यायला आम्ही उशीर केला. मधल्या काळात आमच्याच हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातले. गावाला मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. शेकडो वर्षांपूर्वी धानाच्या शेतीसाठी बांधलेले असे तलाव पूर्व विदर्भात गावोगावी आहेत. त्यातली मासेमारी बहुतेक ठिकाणी ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे असते. म्हणून पहिली गोष्ट ही, की गळ टाकण्यापूर्वी संस्थेला विचारावे. तलाव सरकारी असला तरी त्यातल्या मासळीवर कुणाची तरी चूल पेटत असते.

आमचा भाचा अमेरिकेत मिशिगन राज्यात नोकरीला आहे. तिथे तो सुट्टीच्या दिवशी बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा धरायला जातो. मोठ्या तोंडाचा, हिरवट रंगाचा, गवतात दडून बसणारा आणि समोरून काही हलले की झडप घालणारा हा मासा आहे. अमेरिकेत त्याच्यापायी मोठा धंदा उभा राहिला आहे. यंदा जुलैत तो आला तो बासचे सगळे सामान घेऊनच. डबा उघडून म्हणाला, "मामू, हे सगळं आपल्या मरळीला चालेल." आमची मुले हसून लोटपोट. मामूबरोबर मामा तलावावर!

त्याचे म्हणणे खरे होते. मरळ आणि बास ही दोन वेगळी कुळे, पण स्वभाव सारखा. दोघेही शिकारी, दोघेही वनस्पतींच्या आडोशाला राहणारे. म्हणून बाससाठी घडवलेले बरेचसे सामान मरळीसाठी चालते. आता मुद्द्याकडे येऊ.

दोराला कोकणातले आमचे एक शिक्षक मित्र तंगूस म्हणतात. आमच्याकडे नुसता नायलॉन म्हणतात. 1938 साली अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीने नायलॉन जगासमोर आणले आणि रेशमाच्या दोराचे दिवस संपत गेले. आज दुकानात मुख्यतः तीन जातीचे दोर मिळतात.

पहिला हा साधा एकतारी नायलॉन. स्वस्त, गाठ चांगली धरणारा आणि ताणला की लांबणारा. नवशिक्याला हा लांबण्याचा गुण उपयोगी पडतो. मुलाने घाईने हिसका दिला तरी दोर थोडा झटका पचवतो आणि गळ माशाच्या तोंडातून फाटून निघत नाही. बुच लावून गांडुळावर लहान मासे धरायचे असतील तर आठ-दहा पौंडाचा नायलॉन पुरतो. पौंडाचा आकडा म्हणजे दोर किती ओझ्याला तुटेल त्याचे माप. दहा पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो. नायलॉनचा दोष असा, की तो पाणी पितो आणि ओला झाला की थोडा कमजोर पडतो. उन्हानेही कुजतो. रिळावर वर्षभर राहिला तर स्प्रिंगसारखी वेटोळी धरतो.

दुसरा फ्लुरोकार्बन. 1971 मध्ये जपानच्या कुरेहा कंपनीने असा दोर बाजारात आणला. पाण्यातून जाताना प्रकाश जितका वाकतो, जवळपास तितकाच तो या दोरातूनही वाकतो. म्हणून पाण्यात तो नायलॉनपेक्षा कमी दिसतो. दगडावर घासला तरी लवकर झिजत नाही, पाणी पीत नाही, आणि नायलॉनपेक्षा जड असल्याने खाली जातो. धरणाच्या नितळ, खोल पाण्यात तळाशी आमिष खेळवायचे असेल तर हा उत्तम. पण ताठर असतो आणि महाग पडतो. गाठ आवळताना थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी लागते, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होतो.

तिसरा ब्रेड, म्हणजे बारीक तंतू वेणीसारखे विणून केलेला दोर. हे तंतू पॉलिथिलीनचे असतात, पण पिशवीच्या पॉलिथिलीनपेक्षा कितीतरी मजबूत. तितक्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा हा खूप बारीक असतो, जवळजवळ लांबत नाही, पाण्यावर तरंगतो आणि पाणवनस्पतींचे देठ कापत जातो. दोष दोन. एक, तो गुळगुळीत असल्याने साधी गाठ सुटते. त्यासाठी पालोमर नावाची गाठ शिकावी. दोर दुहेरी करून गळाच्या नाकातून ओवायचा, सैल गाठ मारायची, मग तो फास गळावरून पलीकडे काढून, ओला करून आवळायचा. दुसरा दोष, बोटाला गुंडाळून ओढला तर बोट कापतो. मुलांच्या हाती देताना हे आधी सांगावे.

आता आमिषाकडे. मराठीत आमिष हा शब्द आपण लालूच या अर्थाने वापरतो. गळाच्या बाबतीत तो अर्थ अक्षरशः खरा आहे. जिवंत किडा न लावता माशाला फसवणारे हे नकली आमिष पाण्यात काय करते, ते पाहून निवडावे. दुकानात कसे दिसते, ते पाहून नव्हे. दुकानातल्या रंगीबेरंगी आमिषांच्या गळाला आधी माणूस लागतो, असे भाचा म्हणतो.

पोकळ रबरी बेडूक वनस्पतींनी भरलेल्या तलावासाठी. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, म्हणून कमळाच्या पानांवरून, शेवाळावरून तो न अडकता सरकतो. मासा चावला की रबर दबते आणि गळ उघडे पडतात. नकली बेडकाची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशिगनमधल्या डोवाजियाक गावी मधमाश्या पाळणारे जेम्स हेडन लाकडाचे बेडूक कोरत असत. पुढे त्यांच्या नावाने आमिषांचा कारखानाच उभा राहिला.

पावसाळ्यात पाणी गढूळ असते. तेव्हा माशाला दिसते कमी आणि तो पाण्यातल्या कंपनांवर जास्त विसंबतो. अशा वेळी तारेवर फिरणारी चकती असलेले स्पिनरबेट चालते. उघड्या, खोल पाण्यात पुढे जीभ असलेला प्लास्टिकचा मासा, म्हणजे क्रँकबेट घ्यावा. ती जीभ जितकी लांब, तितका तो खोल बुडी मारतो. पण त्याला तीन-तीन काट्यांचे गळ असतात. वनस्पतींत ते हमखास अडकतात. मऊ प्लास्टिकचे गांडूळ जवळजवळ सगळीकडे चालते, कारण गळाचे टोक त्याच्या पोटात लपवता येते. रंगाचा नियम सोपा: नितळ पाण्यात बेडूक-मासळीसारखे नैसर्गिक रंग, गढूळ पाण्यात एकदम काळा किंवा एकदम पोपटी.

आणि ज्या पाण्यात जे आमिष, त्याला शोभेल तो दोर. बेडूक पाण्यावर खेळवायचा, म्हणून त्याला तरंगणारा ब्रेडच हवा. फ्लुरोकार्बन बुडेल आणि त्याचे नाक खाली ओढील. भाच्याने बेडकासाठी पन्नास पौंडाचा ब्रेड आणला होता. पन्नास पौंड म्हणजे साडेबावीस किलो. तलावातली मरळ दीड-दोन किलोची. आम्हाला हे हास्यास्पद वाटले. आमच्या कपाटात दहा पौंडाच्या नायलॉनचे रीळ पडून होते, चार-पाच वर्षांचे. घरात असताना नवीन कशाला, ही मास्तरी काटकसर. आम्ही तोच दोर घेतला आणि त्याच्या डब्यातला बेडूक तेवढा बांधला.

संध्याकाळ होती. कमळांच्या मधल्या मोकळ्या जागेत पाणी उकळल्यासारखे हलत होते. जवळून पाहिले तर शेकडो लालसर-केशरी पिल्ले एकत्र वर येत होती, पुन्हा खाली जात होती. मरळीची पिल्ले. पावसाळ्यात मरळ विते आणि नर-मादी पिलांच्या त्या घोळक्याखाली पहारा देतात. जवळ काहीही आले की त्यावर तुटून पडतात, भूक असो वा नसो. हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच बेडूक नेमका तिथे टाकला, हे इथे कबूल करतो.

क्षणात पाणी फुटले. धाकटा टाळ्या पिटू लागला. मरळ सरळ कमळांच्या देठांत घुसली. दोर लांबला, आणखी लांबला, आणि रिळाजवळ तुटला. वीस-पंचवीस हात नायलॉन आणि बेडूक तिच्याबरोबर गेला. आम्ही हसून म्हणालो, सुटली बिचारी.

काठावर जाळे आवरत असलेले संस्थेचे एक म्हातारे ढीवर जवळ आले. म्हणाले, "मास्तर, पिल्लं दिसत होती ना तुमाले? मंग कायले टाकलं?" मग त्यांनी सांगितले ते पुस्तकात आम्ही वाचले होते, पण त्याचा अर्थ आमच्या ध्यानात आला नव्हता. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. तिला थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवा घ्यावी लागते. दोर देठांना गुंडाळला गेला आणि ती वर येऊ शकली नाही, तर पाण्यातच बुडून मरते.

अंधार पडला होता, पाऊस सुरू झाला होता. सकाळी ते आणि भाचा डोंगा घेऊन आत गेले. नायलॉन चार देठांना वेढलेला सापडला. त्याच्या टोकाला मरळ मेलेली होती. तोंडात बेडूक तसाच. पिलांचा घोळका पांगला होता आणि त्या बाजूच्या पानांवर बगळे उभे होते. दुसरा पालक मासा खाली होता की नाही, कळले नाही.

धाकट्याने घरी येऊन विचारले, "अब्बा, ती आपण खाल्लीही नाही. मग कशाला मारली?" अम्मीच्या हातचे मरळीचे सालन आमच्या घरात सगळ्यांना आवडते. धरून आणली असती तर हा प्रश्न आला नसता. आमच्याजवळ उत्तर नव्हते.

भाच्याने मग सांगितले, की बासचा नरसुद्धा घरट्यावर पहारा देतो. त्याला उचलले की बाकीचे मासे अंडी-पिल्ले फस्त करतात. मिशिगनमध्ये बहुतेक ठिकाणी वसंत ऋतूत बास धरला तर लगेच सोडावा लागतो. घरी न्यायची परवानगी मेच्या अखेरीस सुरू होते. आपल्या गावात असे लिहिलेले नसेल, तर ते स्वतःसाठी स्वतःच लिहून घ्यावे.

म्हणून पालकांनो, आता आमचे उत्तर ऐका. दोर माशाच्या वजनावर निवडू नका, तो मासा जिथे पळून जाईल त्या जागेवर निवडा. उघडे पाणी असेल तर दहा पौंड पुष्कळ झाले. कमळ, पाणवनस्पती, बुडालेली झाडे असतील तर तीस ते पन्नास पौंडाचा ब्रेडच घ्या. पन्नास पौंड त्या दोन किलोच्या मरळीसाठी नसतात. तिच्याबरोबर ओढून येणाऱ्या पाच-सात किलो गवतासाठी असतात. तेवढा दोर परवडत नसेल तर उघड्या पाण्यात बसा.

नायलॉन वापरत असाल तर दर हंगामाला बदला. गळ टाकण्यापूर्वी शेवटचे दोन हात नखावरून ओढून पाहा. खरखरीत लागले तर तेवढा तुकडा कापून पुन्हा गाठ मारा. कापलेला तुकडा काठावर टाकू नका, बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायांत तो अडकतो. खिशात ठेवा, घरी बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे लहान मासा सोडताना त्याचे तोंड फाटत नाही आणि मुलाच्या बोटात गळ गेला तर सहज निघतो. बेडकावर मासा तुटून पडला की लगेच हिसका देऊ नका. दोराला भार लागेपर्यंत एक-दोन क्षण थांबा. आणि लाल पिलांचा घोळका दिसला की दोर गुंडाळा, मुलांना जवळ बोलवा, आणि नुसते बघा.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो होतो. दोर भाच्याचा. दोन तासांत काही लागले नाही. तलावाच्या दुसऱ्या कोपऱ्यात धाकट्याला पिलांचा एक घोळका दिसला. त्याने आम्हाला बोट करून दाखवला आणि आमच्या हातातली काठी आपल्याकडे घेऊन ठेवली.