राखीव जागेचा उमेदवार वाड्यावर का ठरतो?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की गावोगाव एक शब्द फिरायला लागतो : बिनविरोध. खर्च वाचतो, भांडणं टळतात, गावाचा एकोपा राहतो. ऐकायला छानच आहे. पण मित्रांनो, हे ठरवणाऱ्या बैठकीत कोण बसलेलं असतं? आपल्या वस्तीच्या राखीव जागेसाठी नाव कोण सुचवतं? मी कामानिमित्त ज्या गावांत फिरतो, तिथे बहुतेक ठिकाणी ते नाव वाड्यावर ठरतं आणि वस्तीला नुसतं कळवलं जातं. माणूसही ठरलेल्या साच्यातला. वाड्याचं देणं असलेला, रोजगार त्यांच्याच शेतात असलेला. जागा महिलेसाठी असेल तर त्याची बायको. त्याला दोष देऊन उपयोग नाही, तो पोटाला बांधलेला आहे. पण ‘मागच्या ग्रामसभेचं इतिवृत्त वाचून दाखवा’ म्हणणारी शिकलेली पोरं-पोरी त्या यादीत कधीच का नसतात?

हा एकोपा किती निर्मळ असतो, ते जानेवारी २०२१ मध्ये दिसलं. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, या दोन गावांत पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाला तिथली निवडणूक रद्द करावी लागली. ही दोन पकडली गेली एवढंच. लिलावात बोली ज्याच्याकडे ऊस आणि ट्रॅक्टर आहे तो लावतो. मजुराचा पोरगा तिथे टाळ्या वाजवायला असतो.

दुखणं जुनं आहे. १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेला, राखीव जागा १४८ झाल्या, पण त्यावर कोण बसणार हे ठरवायची चावी दुसऱ्याच्या हातात गेली. बरोबर पन्नास वर्षांनी, २४ सप्टेंबर १९८२ ला, कांशीराम साहेबांनी ‘द चमचा एज’ काढलं ते याच दुखण्यावर. गावातला वॉर्ड हा त्याचाच छोटा नमुना आहे. जागा आपली, मतं सगळ्यांची. आणि आपण काय करतो? दिल्ली-मुंबईतल्या चमच्यांवर रात्र रात्र पोस्टी लिहितो, पण गावातल्या चमच्यासमोर फॉर्म भरायला आपल्यातलं कुणी नसतं.

कारणं तयार असतात. ‘आधी एमपीएससी निघू दे.’ ‘राजकारण घाण आहे.’ ‘आपल्या गटांचं ऐक्य झाल्याशिवाय काही होत नाही.’ रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला. त्याच्या ऐक्याची वाट बघण्यात दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, आता तिसरीने तोच धंदा करायचा का? बाबासाहेब १९५२ ला मुंबईत पडले. १९५४ ला भंडाऱ्यात पोटनिवडणुकीला पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाला लोकांनी पाडलं, आणि तुम्हाला वॉर्ड क्रमांक तीनमध्ये डिपॉझिट जाईल म्हणून लाज वाटते! त्या दोन पराभवांनंतर, तब्येत खचलेली असताना, १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. राजकारण शिकून करायची गोष्ट आहे, असं त्यांना वाटत होतं. आपल्याला मात्र ते जयंतीच्या बॅनरवरच्या फोटोपुरतं पुरतं.

सदस्य होऊन काय मिळतं, असंही विचारतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. तुमच्या गावात गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले? विहारासमोरचा रस्ता, वस्तीची पाण्याची लाईन, स्मशानभूमीची जागा यांचे ठराव ज्या टेबलावर होतात तिथे आपला माणूस सही करायला असतो, वाचायला नसतो.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. तमिळनाडूतल्या मेलवलवू या गावात राखीव अध्यक्षपदावर निवडून आलेले मुरुगेसन आणि त्यांचे सहकारी १९९७ मध्ये मारले गेले. आपल्याकडेही कामावरून काढणं, दुकानातला माल बंद करणं हे ओळखीचं आहे. म्हणूनच उमेदवार विहाराच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरला पाहिजे, आयाबायांसमोर तर नक्कीच. एकट्या पोराला दाबता येतं, सगळ्या वस्तीला दाबणं अवघड जातं. आणि फक्त आपल्या दीड-दोनशे मतांवर कुणी येत नाही. मुस्लिम मोहल्ला, भटक्यांची पालं, बलुतेदारांची घरं आजपासून फिरावी लागतील. सर्वसाधारण जागेवर लढायलाही कायद्याने कुणी अडवलेलं नाही, अडवतो तो आपल्याच डोक्यातला ‘आपली जागा’ हा शब्द.

आता कागदांचं. कारण आपली पोरं मतांत हरण्याआधी छाननीत आणि नंतर तक्रारींत हरतात. वय २१ पूर्ण हवं. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या मुलांमुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त होत असतील, तर उमेदवारी जाते. राखीव जागेसाठी जात वैधता लागते, ती ऐनवेळी मिळत नाही. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, पडलेल्यालाही; नाही दिला तर अपात्रतेची टांगती तलवार. आणि सगळ्यात वाईट कलम अतिक्रमणाचं. शासकीय जागेवर अतिक्रमण असलेला सदस्य राहू शकत नाही, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबातल्या माणसाच्या अतिक्रमणातही सदस्याची अपात्रता कायम केली. गायरानावर कोण राहतं, कोण कसतं? भूमिहीनांना जमीन द्यायची नाही, आणि जमीन नाही म्हणून गायरानावर गेला की त्याला पंचायतीत बसू द्यायचं नाही! या कलमाविरुद्ध वेगळी लढाई उभी करावीच लागेल. तोवर ज्यांच्या घरावर असली तक्रार टिकणार नाही अशी चार नावं वस्तीने आताच काढून ठेवावीत, त्यात किमान दोन मुली असाव्यात, आणि त्यांचे वैधतेचे अर्ज या महिन्यातच समितीकडे जावेत.

जय भीम!