देवाचा करार आणि दादाचं पुस्तक

चंपाषष्ठीला दोन दिवस सुट्टी टाकून गावी जाऊन आलो. गाव अणदूर, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. सोलापूरहून हैदराबादकडे निघालात की नळदुर्गच्या अलीकडे लागतं. यात्रा झाली, भंडारा उधळून झाला, भरीत-रोडगा झाला आणि रात्री ओसरीवर विषय निघाला धाकट्या चुलत बहिणीच्या लग्नाचा. तिने घरी सांगितलंय की ऑफिसातला एक मुलगा तिला पसंत आहे. मुलगा चांगला, नोकरी चांगली, जात वेगळी.

काका गप्प होते. दादा, म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ, शाळेत विज्ञान शिकवतो. तो तयारीतच होता. म्हणाला, "हे बघ, मी काही जुन्या विचारांचा नाही. पण समाज टिकायचा तर असल्या गोष्टी लागतातच. तूच दिलेल्या पुस्तकात लिहिलंय की!"

ते पुस्तक म्हणजे हरारींचं 'सेपियन्स'. दिवाळीत मीच त्याला दिलं होतं. आता बोला! बहीण आत भांडी आवरत होती, तिला सगळं ऐकू येत होतं. मी काहीतरी पुटपुटलो आणि पाणी प्यायला उठलो. जे बोलायला हवं होतं ते परतीच्या बसमध्ये सुचलं, म्हणून इथे लिहितोय.

दादाचं अर्धं बरोबर आहे. हजारो अनोळखी माणसं एकत्र काम करू शकतात, कारण ती काही सामायिक कल्पनांवर विश्वास ठेवतात, देव, पैसा, राष्ट्र, कंपनी वगैरे, असं ते पुस्तक सांगतं. अणदूरच्या माणसाला हे पटायला जड नाही. आमच्या खंडोबाची देवळं दोन आणि मूर्ती एक. सव्वा दहा महिने देव अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिकडे भरते. एका मूर्तीवर दोन गावं नांदतात, यापेक्षा चांगलं उदाहरण हरारींनाही सापडलं नसतं.

पण यातली खरी गंमत पुढे आहे. देव नेताना-आणताना दोन्हीकडच्या मंडळींमध्ये लेखी करार होतो. देव तोच, श्रद्धा तीच, तरीही कागद लागतो! म्हणजे नुसत्या कल्पनेवर गाडं चालत नाही. माणसं नियम ठरवतात, लिहितात आणि पुन्हा पुन्हा त्यावर सह्या करतात. परंपरा आपोआप चालू राहत नाही, कोणीतरी ती दर वेळी चालू ठेवत असतं.

आणि दादाने सोडलेलं अर्धं? त्याच पुस्तकात सामाजिक उतरंडीवर एक अख्खं प्रकरण आहे. जात किंवा वंश यांची उतरंड निसर्गातून आलेली नाही, ती इतिहासातल्या योगायोगांतून उभी राहिली आणि मग स्वतःलाच खतपाणी घालत राहिली, असं त्यात म्हटलंय. समाजाला कुठली ना कुठली सामायिक कल्पना लागते, इथपर्यंत ठीक. त्यावरून हीच कल्पना लागते असं कसं काय सिद्ध होतं?

खरं तर दादाला याहून भारी मुद्दा मिळाला असता. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८३ साली जातिव्यवस्थेकडे पर्यावरणाच्या अंगाने बघणारा एक निबंध लिहिला. त्यांचा अभ्यास आपल्याकडच्याच कोरडवाहू भागातला. फासेपारधी फासे लावून हरणं आणि पक्षी धरायचे. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जायचे. वैदू नदीतले मासे-कासवं आणि मुंगसासारखी लहान जनावरं पकडायचे. एकाच माळरानावर तिघे, पण एकाचा हात दुसऱ्याच्या ताटात नाही. आणि आपल्या नातवंडांनाही त्यावरच जगायचंय म्हटल्यावर शिकार ओरबाडून संपवायचं कारणही कमी. गाडगीळ आणि रामचंद्र गुहांच्या १९९२च्या पुस्तकातही ही मांडणी आहे. वाचताना माणूस खूश होतो. काय सिस्टीम होती राव!

लेखकांनी जातीची भलामण केलेली नाही, विषमताही लपवलेली नाही. घोळ आपण वाचणारे घालतो. "असं का झालं असेल" याचं उत्तर वाचतो आणि "असंच असायला हवं" असं समजून पुस्तक मिटतो. आता पारध्यांच्या बाजूने बघा. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायची सोय केली. तो शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ साली. मग १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांचं परंपरेने चालत आलेलं कामच गुन्हा झालं. कुणाच्या वाट्याला शेत आणि वाडा, कुणाच्या वाट्याला फासे. "व्यवस्था छान जमली होती" हे वाक्य नेहमी वाड्यातून ऐकू येतं, पालातून नाही.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. पंधरा वर्षं जुना कोड असतो. नवा पोरगा विचारतो, हे असं का लिहिलंय? सिनियर म्हणतो, चालतंय ना, हात लावू नकोस. चालतंय याचा अर्थ तो चांगला आहे असा नसतो. बऱ्याचदा इतकाच असतो की ज्याला त्रास होतो त्याच्याकडे तो बदलायचा अधिकार नाही.

मग अशा विषयावर लिहावं कसं? माझ्या मते बाबासाहेबांसारखं. मे १९१६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीचा उपयोग काय, या प्रश्नात ते अडकले नाहीत. ती चालते कशी, हे त्यांनी शोधलं. उत्तर : जातीतल्या जातीत लग्न. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळे ते कुंपण टिकवायचे उपाय, आणि वरच्यांचं बघून खालच्यांनी केलेल्या अनुकरणातून ते पसरत गेलं.

आता जरा आमच्या हायवेने सरळ पुढे हैदराबादला चला. तिथल्या सीसीएमबी आणि अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी मिळून २०१३ साली भारतीय उपखंडातल्या ७३ समूहांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथल्या लोकांची भरपूर सरमिसळ झाली आणि मग ती थांबत गेली. म्हणजे बाबासाहेबांनी दाखवलेलं कुंपण आपल्या रक्तात अजून वाचता येतं. पण त्याआधीची सरमिसळही तिथेच वाचता येते. यातलं नैसर्गिक कुठलं, दादा? दोन्ही माणसांनीच केलंय. आणि ज्या देवाचा भंडारा आपण सकाळी कपाळाला लावला, त्याची म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक आणि बाणाई धनगराची. देवाने बायोडेटा मागवला नव्हता :)

ही पुस्तकं वाचू नयेत असं मी मुळीच म्हणत नाही. मराठीत वाचायचं तर नंदा खरे यांचं 'कहाणी मानवप्राण्याची' जरूर वाचा. डॉकिन्सने तर 'सेल्फिश जीन'मध्ये १९७६ सालीच सुरुवातीला बजावून ठेवलंय की उत्क्रांतीतून नीतिनियम काढायला मी बसलेलो नाही. पुस्तक आपण इथवर कसे आलो ते सांगेल. पुढे कुठे जायचं ते ठरवायला ओसरीवर बसलेली माणसंच लागतात. देवाच्या करारासारखंच हे. बायोडेटात जातीचा रकाना आपण दर वेळी भरतो तेव्हा जुन्या कागदावर नवी सही करत असतो. ती कोणी डीएनएमधून करत नाही.

हे सगळं काल फोनवर दादाला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लई बोलालास की. मग त्या रात्री का गप बसलास?"

याला उत्तर नाही. पुढच्या शनिवारी काकांशी बोलायला पुन्हा अणदूरला जातोय. या खेपेला पुस्तक नेणार नाही.