अक्कल काय अठराव्या वर्षी गोठते?

दोस्तांनो, स्वारगेटच्या एस.टी. स्टँडाबाहेर भिंतींवर चिकटवलेले कागद वाचा. ‘कामगार पाहिजेत. वय १८ ते ३०.’ शेजारीच क्लासची जाहिरात : सतराव्या वर्षी परीक्षा द्या, आयुष्य घडवा. कागद दोन, डाव एकच. एक म्हणतो, तिशीनंतर माणूस भंगार. दुसरा म्हणतो, तीन तासांत पटापट गोळे काळे करील तोच हुशार, आणि ती हुशारी जन्मभर पुरेल. याला ते ‘मेरिट’ म्हणतात.

आता विज्ञान काय म्हणतं ते ऐका. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली बुद्धीचे दोन प्रकार मांडले. एक, कधी न पाहिलेलं कोडं झटक्यात सोडवणारी. दुसरी, शिकून-भोगून साठत जाणारी. हा कॅटेल माणसांची प्रतवारी लावणाऱ्या सुप्रजननवादाचा भक्त. त्याचं ते विष थुंकायचं, हत्यार तेवढं उचलायचं. पुढे २०१५ साली हार्टशॉर्न आणि जर्मिन यांनी हजारो माणसं तपासली. डोक्याचा नुसता वेग अठरा-एकोणिसाव्या वर्षी शिगेला जातो. समोरच्याच्या डोळ्यांतलं ओळखायची ताकद चाळिशी-पन्नाशीत. शब्दांचं भांडवल तर साठी उलटल्यावरही वाढतं. म्हणजे सगळी अक्कल एकदम पिकत नाही, आणि एकदम सडतही नाही.

मग मेरिटवाल्यांनो, नुसता वेग जोरात असतो त्या वयात मोजमाप घेता, तेही ज्याच्या घरात वेगळी खोली आणि लाखाचा क्लास आहे त्याच्या सोयीने, आणि निकाल आयुष्यभराचा? कुठला हा न्याय?

मी गिरणीत रिंगफ्रेमवर. आमच्या खात्यातल्या पन्नाशीच्या जॉबरला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही. पण मशिनच्या आवाजात जरा फरक पडू दे, गडी लांबूनच सांगतो कुठलं बेअरिंग जाणार. मी तिथंच उभा, तरी बहिरा. त्याच्या या ज्ञानाला पगाराच्या कागदावर रकाना नाही. त्याला म्हणतात ‘हाताची सवय’. हेच साहेबाने सांगितलं की ‘तज्ज्ञ’!

पण भाबडे होऊ नका. नुसती वर्षं मोजून शहाणपण येत नाही. २००६ साली लंडनच्या टॅक्सीवाल्यांचे आणि बसवाल्यांचे मेंदू ताडून पाहिलेलं संशोधन छापून आलं. शहरभर गल्ल्या धुंडाळणाऱ्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूत वाटा ध्यानात ठेवणारा भाग जास्त भरलेला निघाला. तितकीच वर्षं ठरलेल्या मार्गावर गाडी हाकणाऱ्यांचा तसा नाही. आता जातीकडे बघा. जात म्हणजे कामाची नव्हे, कामगारांचीच वाटणी, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावलं. पिढ्यान्‌पिढ्या एकच झाडू, एकच गटार हातात द्यायचं, नवी वाट दिसूच द्यायची नाही, आणि वर म्हणायचं यांना डोकंच नाही! डोकं कशावर वाढणार त्याचीच ही वाटणी आहे.

स्वारगेटहून चालत निघाल तर गंज पेठेत जोतीरावांचा वाडा लागतो. १८५५ साली त्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. थोराड हातांनाही पाटी धरता येते हे ओळखलं. त्याच साली त्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. आणि १८८८ साली पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा एकसष्टीतल्या जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलं. चौदाला धार, एकसष्टलाही धार.

तेव्हा पोरांनो, अभ्यासवर्गात म्हाताऱ्यांना नुसतं हार घालायला बोलवू नका. त्यांना बोलतं करा, उलटतपासणी घ्या, लिहून काढा. आपल्याकडे वेग आहे, त्यांच्याकडे वाटा. मात्र तीस वर्षं एकच भाषण ठोकणारा पुढारी म्हणजे ठरलेल्या मार्गाची बस. पिकल्या केसांकडे बघून तिच्यात चढू नका. वस्तीवस्तीत रात्रवर्ग काढा, पहिली वही चाळिशीतल्या झाडूवाल्या मावशीच्या हातात द्या. आणि मालकाकडे, सरकारकडे दोन गोष्टी ठणकावून मागा : भरतीतली वयाची अट रद्द करा, आणि शिकणाऱ्या कामगाराला भरपगारी रजा द्या.