मोतीबिंदू पिकेपर्यंत

शाळेच्या व्हरांड्यात नेत्रतपासणीचे शिबिर लागलेले असते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वीस फुटांवर प्लास्टिकची खुर्ची, बाहेर पायरीपर्यंत रांग. साठीला टेकलेला माणूस एक डोळा तळहाताने झाकतो आणि बऱ्यापैकी खालची ओळ वाचून दाखवतो. बॅटरीचा झोत डोळ्यावर पडतो आणि निकाल लागतो: मोतीबिंदू आहे, पण कच्चा, पिकला की या. माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. त्याच्या डोळ्यामागच्या नसेत काय चालले आहे, हे पाहायला तिथे ना यंत्र असते, ना वेळ.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या या दृश्यात मोठा धोका दडलेला आहे, आणि त्याबद्दल आता उघड बोलायला हवे. हा धोका आहे काचबिंदूचा. काचबिंदू मोतीबिंदूसारखा पिकत नाही. तो नजर कडेकडेने खातो. समोरचे अक्षर शेवटपर्यंत दिसत राहते. बाजूने आलेली मोटारसायकल दिसत नाही, उंबरठ्याला ठेच लागते, ताटाशेजारचा तांब्या हाताने लवंडतो, आणि घरचे म्हणतात, वय झाले. मेंदूकडे दृश्य नेणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. त्यातला मेलेला एकही परत येत नाही. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेने परत मिळते. काचबिंदूने गेलेली दृष्टी जगातला कोणताही सर्जन परत आणू शकत नाही. शिवाय मोतीबिंदू पिकायची वाट पाहत बसलो, तर फुगलेल्या किंवा अतिपक्व भिंगामुळेच डोळ्यातला दाब भडकतो आणि बरा होणारा डोळा कायमचा जातो. 'पिकू द्या' हा सल्ला एके काळी ठीक होता. आज तो घातक आहे.

देशात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. चेन्नईच्या आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन तपासणी झाली, तेव्हा ज्यांना हा आजार निघाला त्यांतल्या बहुतेक सगळ्यांना तो आपल्याला आहे याचा पत्ताच नव्हता. आपल्या जिल्ह्याचा हिशेब ढोबळमानाने करून पाहू. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४५ लाखांवर होती. चाळिशी ओलांडलेले बारा लाख धरले आणि शंभरात अडीच हे दक्षिणेतल्या पाहण्यांच्या जवळचे प्रमाण लावले, तर आकडा तीस हजारांच्या घरात जातो. हा नुसता गुणाकार आहे, मोजणी नव्हे. पण तो निम्म्याने चुकला तरी झोप उडावी असाच आहे.

मग सरकारी आकड्यांत ही माणसे का दिसत नाहीत? २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघाले आणि काचबिंदूच्या वाट्याला ५.५ टक्के आले. या पाहणीची मोजपट्टी मात्र अक्षरांचा तक्ताच होती. ज्याच्या नजरेची कड पूर्ण झडली आहे पण मधला कवडसा शाबूत आहे, तो या मोजणीत डोळस ठरतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ दृष्टीचा घेर दहा अंशांपेक्षा कमी उरला तर त्या माणसाला अंध मानतो. कायद्याला जे दिसते ते पाहणीला दिसू नये, हे चालवून घेता येणार नाही.

काचबिंदूच्या निदानाच्या बाबतीत गेल्या तीन दशकांच्या संशोधनाने एक गोष्ट पक्की केली आहे: डोळ्याचा दाब एकदा मोजून भागत नाही. तपासणीच्या वेळी दाब नेहमीच्या मर्यादेत असलेले काचबिंदूचे रुग्ण भारतीय पाहण्यांत मोठ्या संख्येने सापडले. म्हणून नसेचे टोक पाहावे लागते, नजरेचा घेर तपासावा लागतो आणि आरसे असलेली काच डोळ्यावर ठेवून आतल्या पाण्याच्या निचऱ्याचा कोन उघडा आहे की बंद, हे बघावे लागते. कोन अचानक मिटला तर डोळा लाल होतो, डोके फुटते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. खेड्यात याला पित्त किंवा अर्धशिशी म्हणून गोळी दिली जाते, आणि चार दिवसांत डोळा हातचा जातो. दुसरीकडे, धुळीने डोळे खाजणाऱ्या पोरांच्या डोळ्यांत दुकानातून चिठ्ठीविना आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातले जातात. त्यानेही दाब चढतो. लहान वयात काचबिंदू जडलेली मुले यातूनही तयार होतात.

महाराष्ट्रात खेड्यांतल्या डोळ्यांवर संशोधन झालेच नाही, असे कुणी म्हणू नये. २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या आठ खेड्यांतल्या तिशीपुढच्या ४,७११ लोकांची बारकाईने नेत्रतपासणी झाली. डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. जोस्ट योनास यांच्या त्या अभ्यासाचे दाखले आज जगभर दिले जातात. पण विदर्भातले खेडे वेगळे आणि पाथर्डीचे वेगळे. इथला माणूस अर्धे वर्ष गावात नसतो.

दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून टोळ्या ऊसतोडीला निघतात. अशा टोळीतल्या एखाद्या मजुराला काचबिंदूसाठी रोज रात्री घालायचे थेंब लिहून दिले, तर पुढे काय होते ते पाहा. लॅटॅनोप्रॉस्ट या थेंबांची अडीच मिलीलीटरची बाटली उघडली की चार ते सहा आठवडे चालते, आणि न उघडलेली बाटली सहसा फ्रिजमध्ये ठेवावी लागते. सहा महिन्यांच्या बाटल्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ठेवायच्या कुठे? जिथे प्यायचे पाणी टँकरने येते, तिथे फ्रिज कुठला? पहाटे तीनला गाडी भरायची असते. जवळच्या गावात ते औषध मिळत नाही, आणि खाडा धरला तर मुकादमाची उचल फिटत नाही. थेंब बंद पडतात. दुखत काहीच नाही, त्यामुळे बंद पडल्याचे जाणवतही नाही. दवाखान्याच्या वहीत त्याच्या नावापुढे 'पाठपुराव्यास गैरहजर' एवढीच नोंद होते, आणि ज्याला या आजाराचा सगळ्यात जास्त फटका बसतो तोच संशोधनातून गळून पडतो.

यावर उपाय शोधले गेले आहेत. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयाच्या पुढाकाराने ७१८ रुग्णांवर झालेल्या, थेंबांऐवजी आधी लेसर देऊन पाहणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. सुरुवातीलाच लेसर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. आपल्यासाठी त्याहून मोलाची चाचणी टांझानियातली. किलिमांजारोच्या पायथ्याशी, आपल्यासारख्याच गरीब रुग्णांत, वर्षाअखेर लेसरचे यश ६१ टक्के डोळ्यांत दिसले आणि टिमोलॉल थेंबांचे ३१ टक्क्यांत. हे लेसर उघड्या कोनाच्या काचबिंदूसाठीच आहे. आपल्याकडे बंद कोनाचे रुग्णही पुष्कळ असल्याने आधी कोन तपासल्याशिवाय गत्यंतर नाही. पण वर्षातून सहा महिने कोपीत राहणाऱ्या माणसाला निघण्याआधी दिलेले लेसर किती साथ देते, हा प्रश्न लंडन किंवा टांझानियातले डॉक्टर आपल्यासाठी सोडवणार नाहीत. तो इथेच सोडवायला हवा.

त्यासाठी लागणारे सगळे या जिल्ह्यात आहे. सहकारी साखर कारखान्याचा पाया जिथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी घातला, त्याच लोणीत १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसरे विळद घाटात आहे. आणि जामखेड आहे. १९७० मध्ये तिथे काम सुरू केलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्य कार्यकर्त्या केले आणि जगाने त्यातून धडा घेतला. ज्या जिल्ह्यातल्या बाईने बाळंतपणे सुखरूप केली, कुष्ठरुग्णाच्या जखमा धुतल्या, तिथल्या आशाताईला नसेच्या टोकाचा फोटो काढणारा हातातला कॅमेरा वापरता येणार नाही, हे आम्हाला पटत नाही. काचबिंदू झालेल्याच्या भावंडांना आणि मुलांना धोका कित्येक पटींनी जास्त असतो. निदान त्या घरांची यादी तरी तिच्या हाती द्या.

दोन्ही महाविद्यालयांनी जिल्हा शल्यचिकित्सकांसह चाळिशीपुढच्यांची वस्तीवार पाहणी हाती घ्यावी, आणि तिचे वेळापत्रक ऊसतोडीच्या पंचांगावर बसवावे: तपासणी उन्हाळ्यात टोळ्या परतल्यावर, लेसर दसऱ्याच्या आत, मधल्या काळातली तपासणी फडावर जाऊन. खर्चाचा वाटा कारखान्यांनी आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने उचलावा. शिबिर भरवणाऱ्यांनी तक्त्याच्या जोडीला नसेची तपासणी केल्याशिवाय 'नजर चांगली' असा शेरा मारू नये. हंगाम कुणासाठी थांबत नाही. यंदा कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडण्याआधी निदान एका तालुक्यातल्या टोळ्यांचे डोळे तपासून झालेले असावेत.