हौसेचं जेट

जुनी बुलेट हौसेने सांभाळणारे आपल्या ओळखीत असतात. अमेरिकेत काही हौशी मंडळी चक्क लष्करातून निवृत्त झालेलं जेट सांभाळतात! दोन आसनांचं एल-३९ हे चेकोस्लोव्हाकियात बनलेलं, सोव्हिएत वैमानिकांना शिकवणारं विमान. सोव्हिएत संघ फुटल्यावर अशी कित्येक विमानं खासगी मालकांकडे गेली.

पण विमानासोबत हवाई दलाची शिस्त विकत मिळत नाही. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या शोरहॅमच्या प्रदर्शनात खासगी मालकीचं प्रशिक्षणाचं हंटर जेट कसरत करताना उंची कमी पडून रस्त्यावर कोसळलं. खालचे ११ जण दगावले. इजेक्शन सीटच्या काडतुसांची मुदत संपल्याचंही तपासात आढळलं. अपघाताचं कारण ते नव्हतं, पण देखभालीतली ढिलाई दिसलीच.

हौस जरूर करावी. तिची किंमत मात्र रस्त्यावरच्यांना मोजावी लागू नये.