दुसऱ्यांची घरं बांधणारे हात

चिखलदऱ्याच्या पावसाचं पर्यटकांना मोठं कौतुक. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरचं हे गाव, आणि इथला पाऊस अमरावती शहराच्या जवळपास दुप्पट. लॉजवर दोन रात्री काढणाऱ्याला दारातलं धुकं छान वाटतं. टिनाच्या छपराखाली चार महिने काढणाऱ्याच्या भिंतीला मात्र ओल येते, चुलीचा धूर घरातच कोंडतो आणि न्हाणीचं पाणी उंबऱ्याशी साचतं. मग खोकला, दमा, ताप, लेकरांच्या अंगावर खरूज. दवाखान्यातून औषध घेऊन आपण परत त्याच घरात येतो.

आमचं म्हणणं असं, की यातली निम्मीअधिक दुरुस्ती चार मित्र जमवून आपल्यालाच करता येते. आपल्या वस्त्यांत गवंडी आहेत, सेंट्रिंगवाले आहेत, रंगारी आहेत. लोकांचे बंगले आणि हॉटेलं याच हातांनी उभी राहतात, आणि यांच्याच घरची न्हाणी फुटकी असते. पैसा नाही हे खरं. पण जयंतीचा मंडप एका रात्रीत उभा करणारी पोरंही याच वस्तीतली आहेत. शेतीत एकमेकांच्या कामाला जाण्याला इर्जिक म्हणतात. तीच रीत घराच्या कामाला लावायची: या रविवारी तुझं घर, पुढच्या रविवारी माझं.

सुरुवात शोषखड्ड्यापासून करावी. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणायचा. तळाला मोठे दगड, त्यावर मध्यम, वर गिट्टी. तोंडाशी भोकं पाडलेली जुनी बादली ठेवून तिच्यात नारळाच्या शेंड्या भरायच्या, म्हणजे केस आणि साबणाचा गाळ तिथंच अडतो. शेंड्या अधूनमधून बदलायच्या. खड्डा घराच्या उताराच्या बाजूला, भिंतीपासून दूर आणि विहीर-हातपंपापासून निदान पन्नास फुटांवर हवा. चिखलदऱ्यासारख्या पावसात छपराचं पाणी त्यात सोडू नये, नाहीतर दोन दिवसांत तो भरून वाहू लागेल. पन्हाळीनं ते पाणी वेगळं काढावं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी असे खड्डे केले, उघडी गटारं संपवली आणि डासांचा त्रास आटोक्यात आणला.

इथं एक गैरसमज दूर केला पाहिजे. सांडपाण्यात वाढणारा डास हत्तीपाय पसरवतो. डेंग्यूचा डास ड्रम, टाकी, जुन्या टायरमधल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून खड्डा झाला तरी आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून कोरडी करायचीच.

घरात उजेड आणि वारा यायला हवा. खिडकी फोडणं जमत नसेल तर भिंतीच्या वरच्या अंगाला झरोका पाडावा आणि चुलीच्या वर धूर जायला वाट करावी. क्षयाचे जंतू कोंदट, अंधाऱ्या खोलीत जास्त टिकतात. छपराची भोकं मृगाआधी बुजवावीत, पण शिडी धरायला खाली माणूस असल्याशिवाय वर चढू नये. जुने सिमेंटचे पत्रे कोरडे कापू नयेत, त्यांची धूळ फुफ्फुसाला घातक असते.

सांदवाडीत जागा असो वा नसो, पालक, मेथी, अळू, कढीपत्ता निघतोच. जागा नसेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि रंगाचे डबे आहेत. वाफे उंच करावेत, नाहीतर पावसात मुळं कुजतात. रक्त कमी असलेल्या आपल्या बायामुलींच्या ताटात रोज पालेभाजी आली तर हा खटाटोप वसूल झाला.

न्हाणी कुठं हवी, झरोका कुठं हवा, हे घरातल्या बाईला विचारल्याशिवाय खड्ड्यावर कुदळ मारू नये. वापरणारी ती असते आणि ठरवणारे आपण, हे बरेचदा होतं. संध्याकाळी मदतीला आलेल्यांची ‘सोय’ करायची पद्धतही बंद करा. पिठलं-भाकर आणि ठेचा पुरे. पाचवं शील कामाच्या दिवशीही लागू असतं.

काही कामांना मात्र मित्रांचाही हात लावू नये. विजेचं काम जाणकारालाच द्या. संडासाच्या टाकीत कुणीही, कितीही जवळचा असला तरी, उतरू नये. आतल्या वायूनं क्षणात माणूस जातो, आणि त्याला काढायला उतरलेलाही जातो. टाकी यंत्रानंच उपसली पाहिजे. हे काम पिढ्यानपिढ्या ज्यांच्यावर लादलं गेलं त्यांचा जीव त्यात जाऊ नये म्हणून २०१३ चा कायदा आहे.

गाडगेबाबा याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचे, कीर्तन रात्री. पण आपण खराटा घेतला म्हणून नगर परिषदेचं काम संपत नाही. वस्तीतली मोठी नाली, नळाचं पाणी आणि कचऱ्याची गाडी हा आपला हक्क आहे. शोषखड्डे करायचे आणि नालीसाठी अर्जही द्यायचा, त्याची पोच घ्यायची.

पहिलं घर कुणाचं, यावर वस्तीत वाद होतो. आमच्या मते ज्या घरात क्षयाचं औषध चालू आहे किंवा बाळंतीण आहे, ते घर आधी घ्यावं. ज्याच्या ओळखी जास्त, त्याचं सगळ्यात शेवटी.